दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहणं नव्हे! परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी आधी काय पाहावं?

गुरुजींना अमेरिकेचा १० वर्षांचा व्हिसा मिळाला, ही बातमी गावात एका दिवसात पसरली. माण तालुक्यातलं छोटं गाव. मुलगा न्यू जर्सीला कॉम्प्युटरच्या नोकरीत, सून तिकडेच, नातू दोन वर्षांचा. गुरुजी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले. आता पुढची दहा वर्षं तिकडेच, असं समजून दोघांनी तयारी केली. दोन दुभत्या म्हशी विकल्या. चार एकर रान भावकीतल्या एकाला दोन वर्षांच्या बोलीवर वाट्याने दिलं. पारावर हार-नारळ झाले.

अमेरिकेच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पासपोर्ट बघितला, दोन-चार प्रश्न विचारले आणि जायला सांगितलं. मुलाने घरी जाऊन इंटरनेटवर नोंद उघडून पाहिली, तर राहायची मुदत सहा महिन्यांची. सहा महिने संपायच्या आत दोघं परत गावी आले. रान दुसऱ्याच्या ताब्यात, गोठा रिकामा. ज्या घरातून डेअरीला दूध जायचं, त्या घरात आता पिशवीचं दूध येतं.

यात कोणी गुरुजींना फसवलेलं नाही. व्हिसावर छापलेली तारीख त्यांनी राहण्याची मुदत म्हणून वाचली, एवढंच. पण ही चूक एकट्या गुरुजींची नाही. आपल्या भागातून पुणे-मुंबईमार्गे पोरं परदेशी गेली, तिकडे स्थिरावली आणि आता आई-वडिलांना बोलवू लागली आहेत. पहिल्या विमानप्रवासाआधी या गोष्टी नीट समजून घेतल्या, तर म्हशी विकायची घाई होणार नाही.

व्हिसा वेगळा, मुदत वेगळी

व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत जायची परवानगी. अमेरिकेच्या पाहुणे व्हिसाला बी-२ म्हणतात. तो भारतीयांना बहुतेक वेळा १० वर्षांचा आणि अनेक फेऱ्यांचा मिळतो. याचा अर्थ पुढची १० वर्षं तुम्ही पुन्हा पुन्हा दारात जाऊ शकता. दारातून आत गेल्यावर किती दिवस राहायचं, हे दरवेळी विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारण सहा महिने मिळतात. या मुदतीच्या नोंदीला आय-९४ म्हणतात. ती अमेरिकी सरकारच्या साईटवर पासपोर्ट नंबर टाकून फुकट बघता येते. उतरल्यावर पहिल्याच दिवशी मुलाला ती काढायला सांगावी आणि शेवटची तारीख घरातल्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावी.

ती तारीख ओलांडून राहिलं तर काय होतं? पहिली गोष्ट, १० वर्षांचा तो व्हिसा रद्द ठरतो. मुदतीनंतर १८० दिवसांपेक्षा जास्त राहून मग देश सोडला, तर तीन वर्षं अमेरिकेत प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं, तर दहा वर्षं. आजारपण किंवा तसंच काही कारण असेल, तर मुदत संपायच्या आधी मुदतवाढीचा अर्ज करता येतो. संपल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

काही जण सहा महिने राहून येतात आणि महिनाभरात परत निघतात. वर्षातून अमुकच दिवस राहावं असा स्पष्ट आकडा पाहुणे व्हिसात लिहिलेला नाही. पण दारातल्या अधिकाऱ्याला वाटलं की ही मंडळी पाहुणी नाहीत, इथे संसारच करतायत, तर तो कमी मुदत देऊ शकतो किंवा परत पाठवू शकतो. म्हणून अमेरिकेत जेवढं राहिलात, निदान तेवढा काळ गावी काढून मग पुढची फेरी करावी, असं जाणकार सांगतात.

इंग्लंडचंही तसंच. तिथला पाहुणे व्हिसा दोन, पाच किंवा दहा वर्षांचा मिळतो. राहायचं मात्र एका फेरीत सहा महिनेच.

'रिटायरमेंट व्हिसा' नावाची गोष्ट

व्हॉट्सॲपवर जाहिराती फिरतात. 'आई-वडिलांसाठी रिटायरमेंट व्हिसा, अमेरिका, कॅनडा, लंडन.' या तीनपैकी एकाही देशात असा व्हिसा नाही. इंग्लंडमध्ये स्वतःच्या पैशावर जगणाऱ्या निवृत्तांसाठी एक वाट होती, ती २००८ मध्ये बंद झाली. ऑस्ट्रेलियात मोठी रक्कम गुंतवणाऱ्या निवृत्तांसाठी होती, तीही २०१८ मध्ये नव्या अर्जांना बंद झाली. त्यामुळे या देशांच्या नावाने कोणी रिटायरमेंट व्हिसा विकत असेल, तर पुढचं बोलणं ऐकायचीही गरज नाही.

हा व्हिसा जगात आहे, पण वेगळ्या देशांत आणि वेगळ्या हेतूने. बाहेरच्या निवृत्त माणसाने यावं, आपली पेन्शन इथे खर्च करावी आणि कोणाची नोकरी घेऊ नये, असं ज्या देशांना वाटतं ते देश तो देतात. थायलंड घ्या. वय ५० पूर्ण हवं. तिथल्या बँकेत ८ लाख बाट, म्हणजे आपले वीस लाख रुपयांच्या पुढे, ठेवायचे किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवायचं. दरवर्षी मुदत वाढवायची, दर ९० दिवसांनी कुठे राहतो ते कळवायचं. नोकरी-धंदा करायचा नाही. दुबईचा देश, म्हणजे संयुक्त अरब अमिराती, ५५ वर्षांपुढच्यांना पाच वर्षांचा निवृत्ती व्हिसा देतो. त्यासाठीच्या पर्यायांतला एक म्हणजे १० लाख दिरहमची शिल्लक. रुपयांत ते दोन कोटींच्या वर जातं. न्यूझीलंडला ६६ वर्षांपुढचा माणूस चालतो, पण गुंतवणूकच साडेसात लाख न्यूझीलंड डॉलरची, शिवाय खर्चासाठी पाच लाख डॉलर जवळ हवेत आणि वर्षाला ६० हजार डॉलर उत्पन्न वेगळं. तेवढं करून मुदत मिळते दोन वर्षांची.

मॉरिशस हे नाव आपल्या लोकांना ओळखीचं आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही आहेत. तो देश ५० वर्षांपुढच्या निवृत्तांना राहायचा परवाना देतो, पण दरमहा ठरलेले डॉलर तिथल्या बँकेत बाहेरून आणले पाहिजेत.

आता शेतकरी या चौकटीत कसा बसणार? यातल्या बहुतेक व्हिसांना हवी असते मोठी शिल्लक किंवा नियमित जमा होणारं उत्पन्न. कांद्याला यंदा भाव लागला म्हणून पाच लाख आले आणि गेल्या साली रोटर फिरवला, हे परदेशी अधिकाऱ्याला कुठल्या कागदावर दाखवणार? पेन्शनवाले गुरुजी किंवा लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार निदान महिन्याचा आकडा दाखवू शकतात, पण तोही बहुधा पुरत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडच्या आई-वडिलांना थायलंडच्या समुद्रकिनारी म्हातारपण काढायचं नसतं. नातू जिथे आहे तिथे जायचं असतं. त्यामुळे रिटायरमेंट व्हिसा हा विषय बाजूला ठेवून 'मुलाच्या नात्याने काय मिळतं' हे बघणं जास्त कामाचं.

अमेरिका : मुलाकडे काय आहे, त्यावर सगळं

पोरगा अमेरिकेत आहे म्हणजे तो तिथला नागरिक आहे असं नाही. आपल्याकडची बरीच मुलं एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत. काहींकडे ग्रीन कार्ड आहे. या दोघांनाही आई-वडिलांना कायमचं बोलावता येत नाही. त्यांच्या आई-वडिलांसाठी पाहुणे व्हिसा, एवढाच रस्ता. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेचा नागरिक झाला आणि वय २१ पूर्ण असेल, तरच आई-वडिलांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. मुलीलाही तेवढाच हक्क आहे, हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण 'जावयाच्या घरी कसं राहायचं' म्हणून हा विचारच कोणी करत नाही.

आई-वडिलांच्या ग्रीन कार्डाला वर्षाची संख्यामर्यादा नाही. भावा-बहिणींसारखी वर्षानुवर्षांची रांग नाही. मुलाला मात्र लेखी हमी द्यावी लागते की यांचा खर्च माझा, आणि तेवढी मिळकत दाखवावी लागते. मुंबईत ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी आणि लसी होतात, मुलाखतही मुंबईतच.

इथपर्यंत सगळं गोड वाटतं. खरी अडचण पुढे आहे, आणि ती शेती असलेल्या माणसालाच बसते. ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहायचा परवाना. ते खिशात ठेवून गावी राहता येत नाही. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर परतताना प्रश्न होतात. आगाऊ परवानगी न घेता एक वर्ष किंवा जास्त बाहेर राहिलात, तर त्या कार्डावर परत प्रवेश मिळत नाही. दोन वर्षांपर्यंतची आगाऊ परवानगी मिळते, पण तिचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. ज्याला खरिपाला इकडे आणि हिवाळ्यात परत इकडे यायचंय, कोर्टात भावकीचा वाटपाचा दावा चालू आहे, त्याला हे कार्ड गळ्यातलं लोढणं होऊ शकतं.

आणखी एक. ग्रीन कार्डवाल्याला जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या कर विवरणात दाखवावं लागतं. इथली पेन्शन, एफडीचं व्याज आणि शेतीचं उत्पन्नसुद्धा. आपल्याकडे शेती उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, ही सवलत तिकडच्या कायद्याला माहीत नाही. भारतातल्या सगळ्या बँक खात्यांतली एकत्र रक्कम वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली, तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. जमीन विकून पैसे एफडीत ठेवलेल्या माणसाने हे आधी मुलाशी बोलून घ्यावं.

आणि दवाखाना. ६५ वर्षांपुढच्यांसाठी अमेरिकेची सरकारी आरोग्य योजना आहे, पण नव्याने गेलेल्याला ती लगेच मिळत नाही. ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिल्यावर हप्ते भरून तिच्यात जाता येतं. तोवर खासगी विमा.

मुलाखतीची भीती

पाहुणे व्हिसासाठी मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत द्यावी लागते. पूर्वी ८० च्या घरातल्या वृद्धांना मुलाखतीतून सूट होती, ती सप्टेंबर २०२५ पासून काढली. अर्जाची फी माणशी १८५ डॉलर, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही.

इंग्रजी येत नाही म्हणून पुष्कळ आई-वडील घाबरतात. मुंबईच्या वकिलातीत मराठीतून मुलाखत देता येते. फॉर्म भरतानाच भाषा नीट निवडावी. बाई शिकलेल्या नसतील तरी काही बिघडत नाही. विचारतात काय? मुलगा काय करतो, कुठे राहतो, किती दिवस जाणार, खर्च कोणाचा, परत कशासाठी येणार. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. इथे आपलं काय आहे, हे त्यांना बघायचं असतं. जमीन, घर, पेन्शन, दुसरा मुलगा, लग्नाची मुलगी. सातबारा, आठ अ, पेन्शनचं पुस्तक जवळ असू द्यावं. ते बहुतेक वेळा कागद मागतच नाहीत, तोंडी उत्तरावर ठरवतात. म्हणून उत्तर पाठ करून जाऊ नये. 'फेब्रुवारीत ऊस तुटून जातो, मग चार महिने पोराकडे राहणार, पेरणीला परत', हे खरं असेल तर असंच सांगावं. खोटं सापडलं तर कायमची नोंद होते.

कॅनडाची सुपर व्हिसाची वाट

ज्यांची मुलं कॅनडात आहेत त्यांचं नशीब या बाबतीत जरा बरं. तिथे आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा नावाचा वेगळा व्हिसा आहे. मूल किंवा नातवंड कॅनडाचं नागरिक किंवा कायम रहिवासी हवं. हा व्हिसा १० वर्षांपर्यंतचा असतो, आणि जुलै २०२२ पासून एका फेरीत पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मध्ये गावी येऊन जायलाही आडकाठी नाही. शेती, कोर्टकचेरी, लग्नकार्य सांभाळून जाणाऱ्यांना म्हणूनच हा सोयीचा पडतो.

अटी तीन मोठ्या. मुलाची मिळकत घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे ठरलेल्या आकड्याच्या वर हवी. आई-वडिलांची वैद्यकीय तपासणी होते. आणि किमान एक वर्षाचा आरोग्य विमा हवा, माणशी किमान एक लाख कॅनडियन डॉलर संरक्षणाचा. कॅनडातल्या कंपनीचा किंवा कॅनडाने मान्य केलेल्या बाहेरच्या कंपनीचाच विमा चालतो. वय ७० आणि साखर-बीपी असेल तर त्याचा हप्ता जोराचा बसतो. अर्जाआधी मुलाकडून हप्त्याचा आकडा काढून घ्यावा, कारण दरवर्षी तो भरायचाय. या व्हिसावर नोकरी करता येत नाही.

आई-वडिलांना कायमचं बोलावण्याची योजनाही कॅनडात आहे, पण तिथे चिठ्ठ्या निघतात. ज्यांनी २०२० मध्ये इच्छा नोंदवली होती, त्यांच्यातूनच पुढची काही वर्षं नावं काढली गेली. त्या भरवशावर इथला संसार आवरू नये.

बाकीचे देश

ऑस्ट्रेलियात कायमच्या व्हिसासाठी अजब हिशोब आहे. तुमच्या एकूण मुलांपैकी निदान निम्मी तिथे स्थायिक हवीत, किंवा दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा जास्त तिथे हवीत. तीन मुलं, एक सिडनीला आणि दोन गावी, तर विषय संपला. अट पूर्ण झाली तरी स्वस्तातल्या व्हिसाची रांग तीस वर्षांच्या आसपास आहे. साठीतल्या माणसाने अर्ज केला तर नव्वदीत नंबर! पैसे भरून लवकर मिळणारा प्रकार आहे, त्यालाही माणशी ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त लागतात आणि दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. त्यापेक्षा तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता पालक व्हिसा बरा. त्याची फीही हजारोंत आहे, पण हातात काहीतरी येतं.

न्यूझीलंडने सप्टेंबर २०२५ मध्ये पालकांसाठी पाच वर्षांचा नवा व्हिसा सुरू केला. विमा आणि मिळकतीच्या अटी आहेत. इंग्लंडमध्ये आई-वडिलांना कायमचं नेणं २०१२ पासून जवळजवळ अशक्य झालंय. आंघोळ, जेवण, कपडे या रोजच्या गोष्टी स्वतः करता येत नाहीत आणि भारतात पैसे देऊनही तशी काळजी घेणारं कोणी मिळत नाही, असं सिद्ध करावं लागतं. जर्मनीकडे आता आपल्याकडून पोरं निघाली आहेत. महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला. तिथे १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना बोलावण्याची तरतूद झाली आहे. मात्र वयस्कर माणसाला तिथल्या अटीत बसणारा आरोग्य विमा मिळणं, हीच मोठी अडचण.

एक जूनवाले

आपल्याकडे साठीच्या पुढचे निम्मे लोक एक जूनला जन्मलेले असतात. शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकली. आधारवर दुसरी, मतदार कार्डावर तिसरी. बाईंचं तर माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आणि सातबाऱ्यावर भलतंच. गावात यावाचून काही अडत नाही. परदेशात अडतं. पासपोर्ट, आधार, पॅन, पेन्शन आणि मुलाच्या जन्मदाखल्यातलं आई-बापाचं नाव, एवढं तरी एकसारखं हवं. मुलाच्या दाखल्यात आईचं नाव 'सखू' आणि पासपोर्टवर 'सखुबाई' असेल, तर नातं सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रं जोडत बसावं लागतं.

अमेरिकेच्या ग्रीन कार्डाला जन्माचा दाखला लागतो. जुन्या माणसांची नोंदच नसते. अशा वेळी जन्मनोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला, नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं चालतात. घाईने नवी जन्मनोंद करून घेण्याचा सल्ला कोणी देत असेल तर सावध राहावं. उशिराच्या नोंदींचे नियम राज्यात आता कडक झाले आहेत आणि खोट्या कागदांवर गुन्हे दाखल होतात. दुरुस्त्यांना वेळ लागतो, म्हणून तिकीट काढायच्या आधी सहा-आठ महिने या कामाला लागावं.

रान, पेन्शन आणि हप्ता

जाण्याआधी कुलमुखत्यारपत्र करायचं असेल, तर ते इथेच दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून जावं. परदेशात गेल्यावर करायचं म्हटलं तर तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन सही साक्षांकित करावी लागते. मग तो कागद इकडे आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरून घ्यावा लागतो. त्यात जमीन विकायचा अधिकार द्यायचा की फक्त पीक, वीजबिल आणि बँकेची कामं, हे स्पष्ट लिहावं. मोघम कागदावर सही करून गेलेल्यांच्या रानात परत येईपर्यंत दुसऱ्याची विहीर पडलेली असते. रान वाट्याने दिलं तर एका हंगामाच्या लेखी बोलीवर द्यावं. ई-पीक पाहणी कोण करणार, तेही ठरवावं. ती राहिली तर नुकसानभरपाईच्या वेळी अडचण होते.

पाहुणे म्हणून काही महिने गेल्याने जमिनीला काही होत नाही. कायम तिकडे गेलात तरी आधीची आणि वारसाहक्काने आलेली शेतजमीन तुमचीच राहते. अनिवासी झालेल्याला नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही, आणि आहे ती विकायची तर भारतात राहणाऱ्यालाच विकावी लागते. प्राप्तिकर कायद्याने अनिवासी ठरलेल्याला पीएम किसानचा हप्ता घेता येत नाही. बँकेतलं बचत खातंही मग अनिवासी प्रकारात बदलून घ्यावं लागतं.

पेन्शनरांचा नोव्हेंबर चुकू नये. हयातीचा दाखला दिला नाही की पेन्शन थांबते. परदेशातून तो भारतीय वकिलातीकडून घेऊन पाठवता येतो. मुलाचं गाव वकिलातीपासून लांब असेल, तर प्रवासाची तारीखच नोव्हेंबर गाठून ठरवावी.

विम्याचा कागद मुलाने मराठीतून वाचून दाखवावा

अमेरिकेच्या पाहुण्याला विम्याची सक्ती नाही. म्हणून काही जण तो काढत नाहीत आणि एका रात्रीच्या दवाखान्याचं बिल बघून मुलाच्या तोंडचं पाणी पळतं. दुसरी गोम अशी की आधीपासून असलेला आजार बहुतेक स्वस्त विम्यांत धरलेला नसतो. साखर, बीपी, हृदयाची स्प्रिंग, गुडघ्याचं ऑपरेशन, हे सगळं अर्जात खरं लिहावं. कोणत्या आजाराला पैसे मिळणार आणि कोणत्याला नाही, हे पोराकडून वाचून घ्यावं. बोलायला जड आहे, पण माणूस तिकडे गेला तर देह गावी आणायचा खर्च विम्यात आहे का, तेही बघावं. जुन्या माणसांना आपल्या मातीत जायचं असतं, आणि तो खर्च लाखांत जातो.

एजंटाला विचारायचे प्रश्न

पाहुणे व्हिसाचा फॉर्म घरचा शिकलेला पोरगाही भरू शकतो. एजंट लावलाच तर त्याची फी आणि सरकारी फी वेगवेगळी लिहून घ्यावी. 'व्हिसा काढून देतो, गॅरंटी' असं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. व्हिसा देणं त्या देशाच्या अधिकाऱ्याच्या हातात असतं. मूळ पासपोर्ट कोणाकडे ठेवायला देऊ नये. अमेरिकेच्या सरकारी साईटचा पत्ता सहसा 'डॉट जीओव्ही'वर संपतो. व्हिसाच्या नावाखाली ओटीपी मागणारा फोन आला तर लगेच कट करावा.

आणि त्या माणसाला चारच प्रश्न विचारावेत. एका फेरीत किती दिवस राहता येईल? मध्ये गावी येऊन परत जाता येईल का? आजारी पडलो तर बिल कोण भरणार? मुलाची नोकरी गेली तर आमच्या व्हिसाचं काय? शेवटचा प्रश्न एच-१बीवाल्या घरात आधी विचारावा. नोकरी सुटली तर त्या मुलाला सहसा ६० दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर परतायची तयारी करावी लागते. त्या घरात पाहुणे असलेल्या आई-वडिलांचं तिकीट मग सहा महिन्यांच्या आतच निघतं.

माणचे गुरुजी येत्या मार्चमध्ये पुन्हा निघालेत. या खेपेला चार महिन्यांसाठी. परतीचं तिकीट जूनच्या अखेरचं काढलंय. रान परत ताब्यात आलंय आणि गोठ्यात एक गाभण म्हैस बांधली आहे. ती व्यायच्या आधी दोघं घरी येणार आहेत.